चैत्रातले ऊन आणि ७९५०एक्स: ओव्हरक्लॉकिंग करावे, की आहे तोच वेग थंड ठेवावा?

साचेकार (शिरोली)

नमस्कार. शिरोली एमआयडीसीत आमचे पॅटर्न आणि मेथडिंगचे लहानसे कार्यालय आहे. फौंड्रीवाले कास्टिंगचे ड्रॉइंग देतात, आम्ही त्यावर गेटिंग (धातू साच्यात जाण्याच्या वाटा) आणि रायझर (गोठताना कमी पडणारा धातू पुरवणारे साठे) बसवून संगणकावर ओतकामाचे सिम्युलेशन चालवतो आणि धातू गोठताना पोकळी कोठे राहील हे पाहून मगच साचा कापायला घेतो. या कामासाठी दोन वर्षांपूर्वी एएमडी कंपनीचा रायझन ९ ७९५०एक्स हा प्रोसेसर घेतला. त्याला २४० मिलिमीटर रेडिएटरचा लिक्विड कूलर आहे आणि रॅम १२८ जीबी, म्हणजे डीडीआर५च्या ३२ जीबीच्या चार स्टिक.

मध्यम आकाराच्या व्हॉल्व्ह बॉडीचा एक रन डिसेंबरात बरोबर नऊ तासांत संपत असे. संध्याकाळी सातला लावून घरी जायचे आणि सकाळी येऊन निकाल पाहायचा, असा क्रम होता. आता कामे वाढल्यामुळे दिवसाही एक रन लावावा लागतो. आमच्या खोलीवर पत्रा असून त्याखाली फॉल्स सीलिंग आहे आणि एसी नाही, त्यामुळे दुपारी तीनला भिंतीवरचा तापमापक ३७ दाखवतो. तेव्हा प्रोसेसर ९५ अंशांवर जाऊन तिथेच खिळून राहतो, वेग ५.०५ गिगाहर्ट्झवरून ४.८५वर येतो आणि तोच रन सव्वानऊ तास घेतो.

मला तो सात तासांवर आणायचा आहे. ओव्हरक्लॉकिंग करून, म्हणजे कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेग देऊन, सर्व कोअर (प्रोसेसरमधले हिशेब करणारे स्वतंत्र भाग) ५.३ गिगाहर्ट्झवर बांधून ठेवले तर ते जमेल का, त्यासाठी ३६० मिलिमीटरचा कूलर घ्यावा का, आणि रोज सहा-सहा तास ९५ अंश सोसून हा प्रोसेसर लवकर निकामी होईल का, याबद्दल जाणकारांनी सांगावे. एका दुकानदाराने प्रोसेसरवरचे धातूचे झाकण काढून लिक्विड मेटल भरून देण्याची तयारी दाखवली आहे. आमच्या मुलांपैकी एकाने तर बर्फाच्या बादलीतून पाणी फिरवण्याची कल्पना मांडली आहे आणि तो ती गंभीरपणे मांडतो आहे.


तिसरी गल्ली (राजारामपुरी)

साचेकार साहेब, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीची घाई त्या भीतीतून आलेली दिसते. २०२२च्या सप्टेंबरात हा प्रोसेसर बाजारात आला तेव्हापासूनच एएमडीने त्याची रचना अशी ठेवली आहे की पूर्ण भार पडला की तो ९५ अंशांपर्यंत चढतो आणि तिथे राहून जेवढा वेग मिळेल तेवढा घेतो. ९५ हा त्याचा धोक्याचा घंटानाद नसून त्याने स्वतःच आखून घेतलेली रेघ आहे. जुन्या प्रोसेसरांची सवय असलेल्या आपल्यासारख्यांना हे पचत नाही, पण या आकड्यामुळे तो लवकर मरेल असे मानण्याचे कारण नाही. याचा दुसरा अर्थ मात्र लक्षात घ्या: उद्या तुम्ही दुप्पट मोठा कूलर बसवलात तरी पडद्यावर कदाचित ९५च दिसेल, फक्त वेग थोडा वाढलेला असेल, आणि पैसे पाण्यात गेले असे वाटून तुम्ही दुकानदाराशी भांडायला जाल.

आता ५.३ गिगाहर्ट्झचा हिशेब पाहू. प्रोसेसरची वीज वेगाच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. समजा वेग चार टक्के वाढवण्यासाठी व्होल्टेज १.२०वरून १.२८वर न्यावे लागले, तर १.२८ भागिले १.२० याचा वर्ग १.१४ आणि त्याला १.०४ने गुणले की जवळपास १.१८ येतात. म्हणजे चार टक्के वेगासाठी अठरा टक्के जादा उष्णता. प्रत्येक पुढच्या पायरीला हा व्यवहार आणखी महाग होत जातो, कारण कारखान्यातून येतानाच हा प्रोसेसर त्या चढाच्या माथ्याजवळ आणून ठेवलेला आहे. पूर्वी स्वस्तातला प्रोसेसर घेऊन तीस टक्के वेग फुकट मिळवण्याचे दिवस होते. वरच्या श्रेणीत कंपनीनेच आता तो मलिदा खाल्लेला असतो.

त्यातून ही उष्णता निघते किती लहान जागेतून, तेही पाहण्यासारखे आहे. याचे सोळा कोअर प्रत्येकी सुमारे ७१ चौरस मिलिमीटरच्या दोन चकत्यांवर बसवलेले आहेत. २३० वॅटच्या मर्यादेतले १९० वॅट जरी या दोन चकत्यांतून येतात असे धरले, तरी दर चौरस सेंटिमीटरला १३० वॅटच्या पुढे आकडा जातो. घरच्या २००० वॅटच्या इंडक्शनवर वीस सेंटिमीटर बुडाचे पातेले ठेवले तर हाच आकडा सहा-साडेसहा येतो. वीसपट दाटीची ही उष्णता आधी सिलिकॉनमधून, मग सोल्डरमधून, मग तांब्याच्या जाड झाकणातून, पेस्टमधून पाण्यापर्यंत आणि शेवटी रेडिएटरमधून हवेपर्यंत पोचायची असते. त्यामुळे रेडिएटर २४०चा ३६० केल्यावर फक्त शेवटचा टप्पा सुधारतो आणि फरक चार-पाच अंशांचा पडतो. सध्याच्या कूलरचा पंप नीट चालत असेल तर त्यासाठी मी तरी पैसे घालणार नाही.

पण खरी गोष्ट तुमच्याच आकड्यांत लपलेली आहे. वेग ५.०५वरून ४.८५ झाला, म्हणजे चार टक्के कमी झाला. वेळ मात्र नऊ तासांवरून सव्वानऊ झाली, म्हणजे तीन टक्केही वाढली नाही. काम निव्वळ कोअरच्या वेगावर चालत असते तर घट आणि वाढ सारखीच दिसली असती. याच हिशेबाने ५.३ केलेत तर नऊ तासांतली वीस मिनिटे वाचतील, तीही फार झाली. सात तास त्यातून निघत नाहीत.

म्हणून ओव्हरक्लॉकिंगच्या आधी नेमकी उलटी परीक्षा करून पाहा. बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) इको मोड, म्हणजे कमी विजेवर चालवण्याची सोय, १०५ वॅटवर ठेवा, त्यात प्रत्यक्ष वीजमर्यादा १४२ वॅट होते, आणि तोच रन पुन्हा लावा. वेळ फारशी वाढली नाही तर प्रोसेसर उपाशी बसतो आहे, त्याला कामच पुरेसे मिळत नाही, हे सिद्ध होईल. आणि रॅम कोणत्या वेगाने चालते आहे तेही पाहून सांगा. चार स्टिक म्हणालात तिथेच मला शंका आली.


उद्यमनगर (कोल्हापूर)

वरचा हिशेब योग्यच आहे. मी फक्त झाकण आणि धूळ या दोन गोष्टींवर लिहितो, कारण त्या हाताने करून पाहिलेल्या आहेत.

माझे उद्यमनगरात सरफेस ग्राइंडिंगचे काम असते. काही वर्षांपूर्वी एका जुन्या प्रोसेसरच्या झाकणाला निळा (सपाटी तपासायचा रंग) लावून ते सरफेस प्लेटवर फिरवले, तर निळा फक्त कडांवर पुसला गेला आणि मध्यभागी, म्हणजे जिथून उष्णता बाहेर यायला हवी तिथेच, तसाच राहिला. झाकण मधोमध खोलगट होते. मग काचेवर पाण्याचा पॉलिश पेपर ठेवून आधी ४००, नंतर ८०० आणि शेवटी १५०० नंबर असे घासत गेलो, निकेलचा मुलामा जाऊन तांबे उघडे पडले आणि तासाभराने निळा सगळीकडे सारखा बसू लागला. एवढ्या खटाटोपाचे फळ तीन अंश. झाकणावरची सगळी अक्षरे गेली आणि त्यांच्यासोबत वॉरंटीही गेली. हौस म्हणून मी ते पुन्हा करीन, पण ज्यावर पोट चालते त्या मशीनवर करणार नाही.

झाकण पूर्ण काढण्याचा फायदा याहून मोठा असतो, हे मान्य. पण ७९५०एक्सचे झाकण आत इंडियमच्या सोल्डरने जोडलेले असते. ते तापवून सरकवताना कडेचा एखादा बारीक कपॅसिटर उडाला की एवढा महाग प्रोसेसर शोभेला ठेवावा लागतो. आणि लिक्विड मेटल म्हणजे गॅलियमचा मिश्रधातू. तुम्ही धातूतले आहात, म्हणून एका वाक्यात सांगतो: गॅलियम अॅल्युमिनियमच्या कणांच्या सीमांमध्ये शिरतो आणि चांगला घट्ट तुकडा बोटाने मोडेल असा ठिसूळ करतो. कूलरचा तळ तांब्याचा असेल तर चालते, पण एक थेंब घरंगळून मदरबोर्डवर गेला तर तो विजेचा वाहक आहे. दुकानदार भरून देईल, पण नंतर काही झाले तर जबाबदारी घेईल का, हे आधी लेखी विचारा.

आता धूळ. घरातली धूळ म्हणजे कापूस आणि माती. शिरोलीतली तशी नव्हे. शॉट ब्लास्टिंगचा लोखंडी चुरा, कोअर वॉशमधले (साच्यातल्या वाळूच्या गाभ्याला देतात त्या लेपातले) ग्राफाइट, रेतीतली कोळशाची भुकटी, हे सगळे वाऱ्यावर येते, आणि त्यांतले पहिले दोन विजेचे वाहक आहेत. एका कारखान्यातला संगणक माझ्याकडे आला होता. त्याच्या रेडिएटरच्या पंख्यामागे हात घातला तर फिन दिसतच नव्हत्या, करडा नमदा जमला होता आणि त्यावर लोहचुंबक फिरवल्यावर अर्धा नमदा चुंबकाला चिकटून वर आला. तो सोलून काढला, पेस्ट बदलली आणि त्याच सेटिंगवर अकरा अंश उतरले. तुम्ही शेवटचे कधी उघडले आहे?

साफ करताना कारखान्याच्या लाइनची हवा थेट मारू नका, त्या हवेत पाणी आणि कॉम्प्रेसरचे तेल असते. ब्लोअर वापरा आणि पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. नाहीतर तो भरधाव फिरून बेअरिंग खराब होते. कॅबिनेटमध्ये हवा आत ओढणारे पंखे बाहेर फेकणाऱ्यांपेक्षा जास्त ठेवा आणि आत येणाऱ्या प्रत्येक वाटेवर जाळी लावा, म्हणजे आतला दाब किंचित वर राहून फटींतून धूळ ओढली जाणार नाही.


साचेकार (शिरोली)

दोघांचेही आभार. काल रविवार असल्याने निवांत वेळ मिळाला. उघडून पाहिले तर रेडिएटरचा पुढचा भाग ठीक होता, पण पंख्याच्या मागच्या बाजूला बोटाच्या पेराएवढी काळी थप्पी होती. चुंबक लावायचा मोह आवरला नाही. चिकटली.

सफाई आणि नवीन पेस्ट झाल्यावर दुपारी त्याच ३७ अंशांच्या खोलीत वेग ४.८५वरून ४.९५वर आला, तापमान सांगितल्याप्रमाणे ९५वरच राहिले. मग इको मोड लावून आज तोच रन दिवसभर चालवला. प्रोसेसर ७४ ते ७६ अंशांमध्ये होता, पंख्यांचा आवाज इतका खाली आला की कोणी मशीन बंद केले की काय असे वाटून मी दोनदा पाहून आलो, आणि रनला लागलेली वेळ नऊ तास वीस मिनिटे. म्हणजे जवळजवळ नव्वद वॅट वाचवून मी फक्त काही मिनिटे गमावली.

रॅमचा वेग ३६०० दिसतो. खोक्यावर ६००० छापलेले आहे. बायोसमध्ये एक्स्पो (रॅम छापील वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करून पाहिले तर मशीन सुरूच होईना. बायोस रीसेट करावा लागला.


तिसरी गल्ली (राजारामपुरी)

तर मग दुखणे सापडले. या प्रोसेसरला रॅमकडे जाणाऱ्या वाहिन्या दोनच आहेत. दोन स्टिक असतील तर एएमडी ५२००पर्यंतचा वेग अधिकृतपणे धरते. चारही जागा भरल्या की तीच मर्यादा ३६००वर येते. ३६००ला रॅममधून सेकंदाला जास्तीत जास्त ५७.६ जीबी माहिती येऊ शकते, ६०००ला ९६ जीबी. ओतकामाच्या सिम्युलेशनमध्ये लाखो लहान घरांचे तापमान पुन:पुन्हा वाचायचे, थोडा हिशेब करायचा आणि परत लिहायचे असते. सोळा कोअर वाट पाहत उभे आणि दाराशी एकच माणूस वाढायला, अशी पंगत तुमच्याकडे बसलेली आहे. जेवणाऱ्यांना भरभर खायला सांगून ती उठणार नाही.

तुमचा रन प्रत्यक्षात किती रॅम घेतो ते पाहा. ९० जीबीच्या आत असेल तर चार स्टिक काढून ४८ जीबीच्या दोन घ्या आणि त्यांवर एक्स्पो ६००० लावा. हेही ओव्हरक्लॉकिंगच आहे आणि त्यामुळे झालेले नुकसान एएमडीच्या वॉरंटीत बसत नाही, हे माहीत असू द्या. पण उष्णतेच्या दृष्टीने ते जवळजवळ फुकट पडते.

त्यानंतर प्रोसेसरकडे या. व्होल्टेज वाढवण्याऐवजी बायोसमधल्या कर्व्ह ऑप्टिमायझर या सोयीने ते पायरीपायरीने कमी करा. त्यातली प्रत्येक पायरी साधारण तीन ते पाच मिलिव्होल्टची असते. सर्व कोअरना उणे १०, आणि वीजमर्यादा १७० वॅटच्या आसपास, असे मी सुचवीन.

खोलीचेही थोडे मनावर घ्या. प्रोसेसर कितीही थंड केला तरी त्याची उष्णता खोलीतच येते. दहा बाय बारा फूट आणि नऊ फूट उंचीच्या खोलीत साधारण पस्तीस किलो हवा असते. संपूर्ण मशीन ३५० वॅट घेत असेल आणि खोली पूर्ण बंद असेल, तर भिंतींनी काही शोषले नाही असे धरल्यास ती हवा दर शंभर सेकंदांना एक अंश तापेल. बारा इंची साधा एक्झॉस्ट पंखा रात्रीच्या रनसाठी पुरेसा आहे, कारण तेव्हा बाहेरची हवा खोलीपेक्षा बरीच गार असते. दुपारी मात्र बाहेरचीच हवा तापलेली असल्याने त्याचा उपयोग नाही.


काठावरचा (रंकाळा)

कर्व्ह ऑप्टिमायझरबद्दल एक अनुभव सांगतो, कारण वरील उणे १० हा आकडा वाचून हात उणे ३०कडे जातो, तसा माझाही गेला होता.

मी मशीन डिझाइन करतो आणि ताणाची विश्लेषणे चालवतो. सर्व कोअरना उणे ३० लावले, सिनेबेंच ही वेगाची चाचणी दहा मिनिटे चालवली, तापमान सुंदर, गुण वाढलेले. दोन आठवडे काहीच झाले नाही. मग एका गिअरबॉक्स हाउसिंगचा निकाल मागच्या रनशी जुळेना. एकाच फाइलचे दोन रन शेवटच्या दशांशात वेगळे येणे यात नवल नाही, कारण अनेक कोअर बेरीज वेगवेगळ्या क्रमाने करतात. पण इथे सर्वांत जास्त ताणाची जागाच एका फिलेटवरून (कोपऱ्याच्या गोलाईवरून) दुसऱ्यावर गेली होती. मशीन बंद पडले नव्हते, निळा पडदा आला नव्हता. विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडला तेव्हा डब्ल्यूएचईएच्या, म्हणजे हार्डवेअरच्या चुकांच्या, नोंदींची रांग दिसली, आणि सगळ्या एकाच कोअरच्या. तो निकाल ग्राहकाला पाठवून झाला होता. फोन करून परत मागवताना काय वाटले ते लिहीत नाही.

पूर्ण भारावर सगळे कोअर थोड्या कमी वेगाने चालतात म्हणून कमी व्होल्टेज खपून जाते. एकटाच कोअर ५.७पर्यंत उडी मारतो तेव्हा, किंवा भार अचानक उतरतो-चढतो तेव्हा, कमतरता उघडी पडते. म्हणून कोअरसायकलरसारख्या साधनाने प्रत्येक कोअर एकेकटा रात्रभर तपासा, आणि ज्या दोन कोअरना प्रोसेसर स्वतः सर्वोत्तम मानतो त्यांना इतरांपेक्षा कमी उणे द्या. ते आधीच काटेकोर व्होल्टेजवर बेतलेले असतात. रॅम बदलल्यावर तिचीही वेगळी चाचणी घ्या, आणि ती दुपारीच घ्या. रात्री पास झालेली रॅम दुपारी नापास होऊ शकते, कारण डीडीआर५ तापली की चुका करायला लागते.

बर्फाच्या बादलीबद्दल कोणी बोलले नाही म्हणून मी बोलतो. पावसाळ्यात आपल्याकडे हवा २५ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असली तर २३ अंशांच्या खालच्या कोणत्याही पृष्ठभागावर दव धरते. बर्फाचे पाणी फिरणाऱ्या नळ्या आणि सॉकेटच्या भोवतालचा बोर्ड आषाढात अक्षरशः ठिबकतील. मुलाला सांगा, बादली आंब्यांसाठी ठेव.


साचेकार (शिरोली)

तीन आठवड्यांनी लिहितो आहे. रन ७२ जीबीच्या वर जात नाही असे दिसल्यावर ४८ जीबीच्या दोन स्टिक आणल्या. एक्स्पो ६००० पहिल्याच प्रयत्नात लागले. पहिल्या सुरुवातीला काही मिनिटे पडदा काळाच होता, तेवढा वेळ मात्र जीव टांगणीला लागला होता. मेमरीची चाचणी दोन दुपारी घेतली, एकही चूक नाही.

कोअरसायकलर चार रात्री चालवला. उणे १०वर एक कोअर तिसऱ्या रात्री अडखळला, त्याला उणे ४वर आणले. तो प्रोसेसरच्या लाडक्या दोघांपैकीच निघाला. वीजमर्यादा १७० वॅट. काल दुपारी खोलीत ३८ असताना तापमान ८३, वेग ४.९ ते ४.९५, आणि व्हॉल्व्ह बॉडीचा रन सात तास पाच मिनिटांत संपला. इव्हेंट व्ह्यूअर रिकामा आहे. खात्रीसाठी तोच रन मूळ सेटिंगवर पुन्हा चालवून दोन्ही निकाल शेजारी ठेवले. पोकळी त्याच रायझरखाली, त्याच जागी दाखवते.

जुन्या चार स्टिक ऑफिसातल्या दुसऱ्या दोन मशीनमध्ये वाटून टाकल्या. ३६०चा कूलर घेतला नाही. त्या पैशांतून एक्झॉस्ट पंखा आणि जाळ्या बसवल्या. जाळी दर शनिवारी धुवायची असे ठरवले आहे, आणि ते काम बर्फाच्या बादलीवाल्याकडे दिले आहे.